पुंजारामचा तांबेरा

पुंजाराम शेजवळ कामावरून सुटताना अंघोळ करतो आणि घरी आला की पुन्हा करतो. दोन अंघोळींच्या मध्ये फक्त एसटीचा प्रवास असतो. आमच्या वसाहतीत नळाला पाणी आलं की बायकांच्या हंड्यांची रांग ओलांडून हा बुवा आपली बादली लावायचा, म्हणून मी त्याचं नाव सोवळेकर ठेवलं. नाव असं चिकटलं की नवा पोस्टमन "सोवळेकर कुठं राहतात हो?" असं विचारत आला आणि पुंजारामनं आतून ओ दिली.

यातली गंमत बाहेरच्यांना कळणार नाही. आम्ही सगळे बौद्ध. ज्या सोवळ्यापायी आमच्या आजोबांनी दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलं, त्या सोवळ्याचं आम्ही घरात नावही काढत नाही. आणि इथे माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा हा माणूस संध्याकाळी ओल्या केसांनी, अंग चोरत, कुणाच्या पोराला हात न लावता जिना चढतो! एकदा मी मुद्दाम वाटेत उभी राहिले.

"काय भाऊजी, शिवाशिव झाली वाटतं कुणाची?"

"वैनी, वाट द्या. पाणी जाईल."

एवढंच बोलला. रागावतही नाही मेला, त्यामुळे चिडवायची मजा निम्मी जाते.

दर थंडीत चांगुणा, म्हणजे त्याची बायको, लेकीला घेऊन संक्रांतीला माहेरी सायखेड्याला जाते. पुंजाराम जात नाही. गहू शेतात उभा असेपर्यंत तो सायखेड्यात पाऊल टाकत नाही. आज अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं, दहा वर्षं हे असंच चाललंय. त्या दोघी गेल्या की हा गॅलरीत बसून स्वेटरच्या बाह्या ओढत पूर्वेकडे बघत राहतो. तिकडे बघण्यासारखं पाण्याच्या टाकीशिवाय काही नाही. भाकरी मी पाठवते, ती अर्धी परत येते. का जात नाही, हे वसाहतीत बऱ्याच जणांना माहीत आहे, पण नीट माहीत फक्त मला आहे. मी तिथे होते.

शहराबाहेर गव्हाचं एक सरकारी केंद्र आहे. नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या मागे चौकशी लागायची. पुंजाराम तिथे मदतनीस. बाकीचे लोक पिकावरचा रोग घालवायचा पगार घेतात, हा रोग जगवायचा घेतो. तांबेरा म्हणून गव्हावर एक बुरशी पडते. पानावर विटकरी फोड येतात, बोट फिरवलं की विटेची भुकटी लागावी तशी लागते. ही बुरशी बाटलीत जगत नाही की बरणीत. तिला जिवंत गहूच लागतो. म्हणून काचघरात कुंड्यांमधून कायम कोवळा गहू उगवायचा आणि जुन्या पानांवरची भुकटी नव्या पानांना लावत राहायची. लेकरू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घ्यावं तसं.

एकेका तांबेऱ्याला एकेक खोली. खोलीतून बाहेर पडायचं तर कोट तिथेच टाकायचा, डोक्यावरून अंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. भुकटीचा कण केसात बसून शेजारच्या खोलीत गेला, तर सगळाच घोळ. हा नियम शिपायापासून बड्या साहेबापर्यंत सगळ्यांना, आणि तो पाळून घ्यायचं काम पुंजारामकडे. पुण्याहून आलेले कुणी दीक्षित साहेब ऐन थंडीत टॉवेलवर कुडकुडत उभे, आणि दारात हा: "साहेब, परत जावा. केस कोरडे दिसतात." ही हकीगत आमच्या वसाहतीत मी इतक्यांदा सांगितली आहे की आता त्यातला टॉवेलही गळून पडला आहे.

"रोग एकच ना? मग त्याला एवढ्या खोल्या कशाला?" मी एकदा विचारलं होतं. तेव्हा चांगुणा नवीन लग्न होऊन आलेली. ती मटार सोलत होती, आणि हा तिच्याकडे बघत मला उत्तर देत होता.

"रोग एक, पण घराणी वेगळी, वैनी. गहू तांबेऱ्याला वळखतो. वळखला की तो जिथं शिरला तेवढंच पान गहू आपणहून मारून टाकतो. याला तर जिवंत पान लागतं. मग हा उपाशी मेला. सुईच्या टोकाएवढा डाग राहतो फक्त."

"आणि नाही ओळखला तर?"

"तर फोड. पान भरून फोड."

ओळखायचं कशावरून, तर तांबेऱ्याच्या अंगात पिढीजात आलेल्या खुणा असतात. साहेब त्यांना जीन म्हणतात, आमच्या शाळेच्या पुस्तकात जनुकं म्हणतात. एका वाणाचा गहू एक खूण ओळखतो, दुसऱ्या वाणाचा दुसरी. भुकटीच्या कोट्यवधी कणांत एखाद्याची ती खूण आपोआप बिघडते, पुसली जाते. झालं! ज्या गव्हानं याचे बापआजे दारातच मारले, तोच गहू याला घरात घेतो.

"तो काही ताकदवान झालेला नसतो," पुंजाराम म्हणाला. "नुसता वळखू येईनासा होतो."

"म्हणजे लग्नानंतर नवरे होतात तसा," मी म्हटलं. चांगुणाच्या हातातले मटार सांडले.

काचघरात निळा पट्टा मारलेल्या काही कुंड्या होत्या. त्यांतला गहू जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या तांबेऱ्यांना ओळखायचा. कुठूनही रोगट पान आणा, निळ्या कुंडीत डागापलीकडे काही उठायचं नाही. सत्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याच गव्हाच्या एका पानावर पुंजारामला एक फोड दिसला. एकुलता एक. त्यानं केंद्राच्या साहेबांना हाक मारली. साहेब आधी आनंदले आणि मग त्यांचा चेहरा उतरला. कुठल्या तरी कणाची खूण तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत पुसली गेली होती. त्या फोडातली भुकटी वेगळी काढून वेगळ्या खोलीत ठेवली. कागदावर तिला नंबर होता, पण केंद्रातले लोक म्हणायचे पुंजारामचा तांबेरा. आसपास कुणाच्याही शेतात तो नव्हता. फक्त त्या एका खोलीत होता.

चांगुणा पहिल्या बाळंतपणाला सायखेड्याला गेली होती. गोदावरीच्या काठाला तिच्या वडिलांचं, मोतीराम पगाऱ्यांचं, थोडकं बागायती वावर. त्यात बुटका गहू हिरवागार उभा. जानेवारीत एका दुपारी गावचा बारकू केंद्राच्या फाटकावर आला आणि ओरडला, "पुंजाभाऊ, पोरगी झाली! पण चांगुणाक्का डोळे उघडत नाय!"

पुंजाराम तेव्हा त्या खोलीत होता, त्या तांबेऱ्यापाशी.

पुढचं त्याला स्वतःलाही नीट आठवत नाही. कोट टाकला नाही, अंघोळ केली नाही, दार तरी लावलं की नाही देव जाणे. मिळेल त्या गाडीनं चांदोरीला उतरला, पूल ओलांडला, आणि बांधावरून वळसा नको म्हणून सासऱ्याच्या गव्हातून तिरका पळत घर गाठलं. तोवर चांगुणानं डोळे उघडले होते. यानं पोरीला घेतलं, छातीशी धरलं, रडला, हसला. मोतीराम त्याच्या बाहीकडे बघून म्हणाला, "काय पाव्हनं, ईटभट्टीवरनं आलात का?"

तेव्हा पुंजारामनं आपल्या बाहीकडे पाहिलं.

नामकरणाला तो दोन वेळा अंघोळ करून, कोऱ्या कपड्यांत गेला. मी बरोबर होते. अशा ठिकाणी मी असतेच. वावराच्या बांधावर तो थबकला. हिरव्या गव्हात एक तिरकी वाट विटकरी झाली होती, आणि वाटेच्या दोन्ही अंगांनी पानं भरत चालली होती. कुणी काही विचारायच्या आधीच हा शहाणा म्हणाला, "मामा, हा माझा असंल."

"तुमचा म्हंजी? रोग काय कोंबडं हाय का, ह्याचं-त्याचं सांगाया?"

पुंजारामनं सगळं सांगितलं. खोली, कोट, बाही. मोतीराम ऐकता ऐकता मटकन बांधावर बसला.

"वाऱ्यानं बी येतो, मामा. तपासल्याबिगर सांगता येत नाय."

"मंग तपासा. वाऱ्याचा निघाला तर लेक-नात आजच घेऊन जा म्हनीन. तुमचा निघाला तर जो मानूस रोग पाळतो त्याच्या घरी मी त्यान्ला धाडनार नाय. आवं, मारून टाका ना त्याला! ठिवला कशापायी?"

"मारला तर त्याला दाद न देनारा गहू कशावर पारखायचा?"

"ते सरकारला इचारा. मी माजी लेक पारखतो."

"मला कुनी इचारलं का?" बांधालगतच्या घरातून चांगुणाचा आवाज आला.

"तू गप, ओली बाळंतीन तू."

असा गहू पुढे खरंच निघाला. चौऱ्याऐंशीत मोतीरामनंच तो पेरला, आणि "जावयाचा गहू" म्हणून गावभर सांगत सुटला. तोही नंतर एका वर्षी डागाळला, कारण तांबेऱ्याची आणखी एक खूण पुसली गेली. हे असं चालूच राहतं म्हणे. पण त्या दिवशी बांधावर यातलं कुणाला काय माहीत?

पुंजाराम पोरीला न घेताच फिरला. त्या वावरातली चार पानं कागदात, कागद डब्यात, डबा दुसऱ्या डब्यात घालून त्यानं साहेबांपुढे ठेवला आणि सगळं कबूल केलं. साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं, मिटलं, आणि विचारलं, "मुलगी कशी आहे?" मग त्यांनी गावात माणसं पाठवून गंधकाची फवारणी करवली. पानांवरची भुकटी निळ्या कुंडीतल्या कोवळ्या गव्हाला लावली. नुसता डाग उमटला तर रोग वाऱ्याचा. फोड आला तर पुंजारामचा. आता रोप काय सांगतं याची वाट बघायची, त्याला घाई करता येत नाही.

त्या दिवसांत पुंजाराम दर रविवारी चांदोरीच्या बाजूला घाटावर जाऊन बसायचा. पलीकडच्या काठावर सायखेडा. पुलावरून चालत गेलं तर विडी संपायच्या आत माणूस पोचेल, पण हा घाटाच्या दगडावरून हलायचा नाही.

"अहो, आता धुऊन-पुसून आलात की. आणि या काठाला गहू नाही का? तो काय परक्याचा?" मी म्हणायचे.

"म्हणून तर दगडावर बसलोय."

पलीकडे चांगुणा पोरीला घेऊन यायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपली आपण यायची. कुंचीत गुंडाळलेलं गाठोडं वर उचलून दाखवायची, आणि हा उभा राहायचा. मध्ये नदी, दोन्ही काठांवर धुणं बडवणाऱ्या बाया.

"दूध पिते का?" हा ओरडायचा.

"पिते!"

"झोपते का?"

"तुमच्यावानी! दिवसा घोरते अन् रातच्याला बसते!"

दोन्ही घाट हसायचे. पुंजारामही हसायचा, आणि मग डोळ्यांवर हात धरून बघायचा. एवढ्या लांबून पोरीचे नाकडोळे काही दिसत नव्हते. तो मला विचारायचा, कारण पलीकडे जाऊन येणारी मी: "नाक कुणावर गेलंय, वैनी?" मी म्हणायचे, "सासऱ्यावर. झाकून ठेवा." एकदा त्यानं विचारलं, "हात मऊ हायत का?"

झबलं घ्यायचं होतं. मेनरोडला दुकानात गेलो तर हा हात मागे बांधून उभा. लांबूनच दाखवतो, "ते पिवळं. नाय, शेजारचं." दुकानदाराला वाटलं, माणसाचा काही नवस आहे. झबलं मी घेतलं, पिशवी मी धरली, एसटीत मांडीवर मी ठेवली. यानं त्याच्याकडे नाशिकपासून चांदोरीपर्यंत नुसतं पाहिलं.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी नळावर बादली वाजली नाही. मी डोकावले, तर पुंजाराम अंधारात खाटेवर बसलेला.

"फोड आले," तो म्हणाला. "निळी कुंडी भरून."

मी दिवा लावला आणि त्याच्यासमोर बसले. "ऐका माझं. मोतीरामला काय काचघर दिसतंय? वाऱ्याचा म्हणा आणि पोरीला आणा. वारा काही साक्षीला येत नाही."

"माझ्या मनात नाय आलं का? दुपारी मी फोडांवर बोट फिरवलं, वैनी. पुसले जातात. पान चांगलं दिसाया लागतं."

"मग?"

"मग काय, सकाळी परत फुटनार."

रविवारी तो निघाला तेव्हा मी म्हटलं, तुम्ही काठावर बसा, मी पलीकडे जाऊन मोतीरामला गोडीगुलाबीनं सांगते. तो म्हणाला, "तुमी नका सांगू. तुमच्या तोंडून ते अर्धं होईल नाहीतर दुप्पट." अन्याय आहे, पण तो वाद पुन्हा कधी तरी.

मी पूल ओलांडून चांगुणाशेजारी जाऊन उभी राहिले. मोतीराम त्या दिवशी बैलांना पाण्यावर घेऊन आला होता. पलीकडे पुंजाराम दगडावर उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडला, "मामा! रोग माझा हाय! वाऱ्याचा नाय! माझाच हाय!"

धुणं बडवण्याचा आवाज थांबला. सगळ्या घाटानं ऐकलं. चांगुणानं पोरीला छातीशी दाबलं.

मोतीरामनं बैलांचा कासरा हाताला गुंडाळला. मग माझ्याकडे वळला. "मास्तरीनबाई, ह्यो मानूस येडा हाय का?"

"आहे. वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे."

"खोटं बोलला असता तर मला काय कळनार व्हतं?"

"काहीच नाही. मी तेच सांगत होते त्याला."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पदर सावरला.

"दादा," चांगुणा म्हणाली, "मी जाऊ का आता पुलावरनं?"

"गहू उभा हाय. त्यो हितं येनार नाय, अन् तूबी त्या रोगाच्या वावरातनं येजा करायची नाय. गहू निघू दे."

"निघाल्यावर?"

"मंग तुजं तू बघ. मी काय बांधून ठिवलीय का?" असं म्हणून त्यानं बैलांना विनाकारण एक हाणली आणि निघून गेला.

चांगुणानं पलीकडे ओरडून सांगितलं, पण वारा फिरला होता. पुंजाराम कानाला हात लावून "काय? काय?" करत राहिला. शेवटी तिनं पोरीला माझ्याकडे दिलं, पदर खोचला आणि हातात विळा असल्यासारखी वाकून हवेत कापणी करून दाखवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पुंजाराम दगडावर खाली बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. समजलं होतं त्याला.

पुढचे रविवार नुसते वावराकडे बघण्यात गेले. त्या वर्षी ऊन लवकर तापलं आणि तांबेऱ्याला ऊन सोसत नाही, म्हणून शेजारच्यांचा गहू वाचला. मोतीरामचा मात्र पिवळा पडू लागला. रोगट गहू आधी वाळतो. बाकीचं शिवार हिरवं, आणि नदीपलीकडे तो एकच तुकडा पिकल्यासारखा.

"लवकर वाळतोय," पुंजाराम म्हणाला.

"बरंच की. तेवढी लवकर येईल चांगुणा."

"बरं कसं, वैनी? दाना भरला नाय त्याचा." आणि मग नदीकडे तोंड करून, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "पन पुढच्या आठवड्याला कापतील."

मला ऐकू गेलं. त्याच्या आवाजात जो आनंद होता, त्याची त्याला लाज वाटत होती.

होळीच्या आधीच कापणी झाली. निरोप आला त्या दिवशी पुंजारामनं घरी अंघोळ केली, घाटावर उतरून पुन्हा केली, कोरा सदरा घातला आणि ओल्या केसांनी पुलावर चढला. मध्यावर थांबला. मला वाटलं, फिरतो की काय. पण तो फक्त पलीकडचं वावर बघत होता. तिथे नुसती खुंटं उरली होती.

मोतीराम खळ्यात उपणत होता. त्यानं जावयाकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि मूठभर गहू त्याच्या तळहातावर ओतला. जिऱ्यासारखा बारीक, सुरकुतलेला. "बघा, तुमची कमाई."

पुंजारामनं दाणे बघितले. एकेक बोटानं उलटा करून बघितला. माफीबिफी काही मागितली नाही. दाणे त्यानं परत सुपात ओतले, एकही खाली सांडू न देता. मोतीराम म्हणाला, "बसा. च्या ठिवलाय."

तेवढ्यात चांगुणा बाहेर आली. पोरीच्या अंगात ते पिवळं झबलं होतं, आधीच तोकडं झालेलं. तिनं पोरीला त्याच्यापुढे धरलं, आणि पुंजारामचे दोन्ही हात सवयीनं मागे गेले.

"धरा की."

त्यानं हात सदऱ्याला पुसले. उलटे करून बघितले. पुन्हा पुसले.

"अहो, धरा," चांगुणा म्हणाली. "गहू नाय ती."

मी तोंड फिरवून सुपातले दाणे निवडायला बसले. त्यानं तिला कसं घेतलं, ते मी पाहिलं नाही.